अंगणांतील रथकार

रथकार या एका शब्दावरून मीमांसकांनीं मोठा वाद घातलेला आहे. वर्षाऋतूंत रथकारानें अग्न्याधान करावें, असें श्रुति सांगते. तेव्हां हा रथकार म्हणजे रथ तयार करणारा कोणीही त्रैवर्णिक, कीं त्या नांवाची निराळी जातच, असा प्रश्न उपस्थित झाला. आणि व्युत्पत्तीच्या अर्थाहून रूढ अर्थ बलवान, या न्यायानें निकाल दुसऱ्या पक्षाकडे गेला. शास्त्रदृष्ट्या निकाल बिनतोड आहे. परंतु त्यांत आम्हां पांढरपेशांची आयतीच सोय झाली, असें आमचें मत आहे. रथांत बसावयाचें आपण, आणि रथाखालीं निजून हात काळे करावयाचे दुसऱ्यानें, ही वांटणी आम्ही पिढ्यान् पिढ्या मुकाट्यानें चालवीत आलों.

रथकारास वर्षाऋतु नेमून दिला, यांत मात्र श्रुतीनें आमच्या कर्जत-खालापूरची नाडी ओळखली होती, असें म्हणावेंसें वाटतें. सह्याद्रीच्या पायथ्याशीं असल्यामुळें येथें चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. भातास तो अमृत, रस्त्यांस नव्हे. दसऱ्याच्या सुमारास खोपोलीच्या बाजूस जाऊन पाहावें, म्हणजे प्रत्येक गॅरेजापुढें चाकें काढलेल्या गाड्या दृष्टीस पडतात.

गेल्या आश्विनांत आमच्या लहानशा गाडीस हीच व्यथा जडली. गतिरोधकावरून उतरतांना पुढील डाव्या चाकापाशीं खट् असा आवाज येई, आणि सरळ रस्त्यावरहि स्टिअरिंग डावीकडे ओढी. दोन्ही लोअर आर्म निकामी झाले आहेत, असें निदान झालें. या आर्मास आपण बाहु म्हणूं, कारण त्याचें काम बाहूचेंच आहे. खांद्याच्या जागीं तो रबरी बुशांनीं गाडीच्या सांगाड्यास जोडलेला असतो. मनगटाच्या जागीं बॉल जॉइंट असून तो चाकाचा जोड धरून ठेवतो. चाक खड्ड्यांत उतरलें कीं बाहु खालीं वळतो, उंचवट्यावर चढलें कीं वर. परंतु चाकास पुढेंमागें किंवा आंतबाहेर त्यानें हलूं द्यावयाचें नसतें. रबर फाटलें कीं हा धाक सुटतो. आणि बॉल जॉइंट उखळींतून निसटला तर चाक कलंडतें व गाडी त्या बाजूस जमिनीवर बसते. घरापुढें असें झालें तर टोचनाचा खर्च होईल. बोरघाटाच्या उतारावर झालें तर काय होईल, तें वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आणि घाट तर आम्हांस उतरावयाचाच होता. आमची कन्या पुण्यास असते. पहिलें बाळंतपण माहेरीं करावयाचें म्हणून सातव्या महिन्यांत तिला कर्जतास आणण्याचें ठरलें होतें. आगगाडीनें आणावें, असें आम्ही सुचवून पाहिलें. परंतु डब्याच्या उंच पायऱ्या आणि स्टेशनांतील गर्दी यांचें वर्णन तिच्या मातोश्रींनीं असें कांहीं केलें, कीं आम्ही पुन्हां तो विषय काढला नाहीं.

अशा वेळीं आमच्या चिरंजीवांनीं बाहु आपण घरींच बदलूं, असा मनोदय प्रकट केला. घरांत एकच काहूर उठलें. ज्या गाडींतून गरोदर मुलगी आणावयाची, तिच्यावर का हात बसवावयाचा? आक्षेप रास्त होता. तरी आमचें मन चिरंजीवांकडे झुकलें. कारण गॅरेजांत जें घडतें तें आपल्या डोळ्यांआड घडतें, आणि अंगणांत घडेल तें प्रत्येक नट मोजून घेतां येईल. शिवाय ज्यांचे मुलगे आमच्या वर्गांत शिकले, असे एक वयोवृद्ध मिस्त्री शेजारींच राहतात. ते जवळ बसणार असतील तरच, आणि नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणी गाडीखालीं शिरणार नसेल तरच, अशी आम्ही संमति दिली.

गाडीच्या कंपनीचे बाहु न घेतां बाहेरच्या कारखान्याचे घ्यावे, असा बेत होता. स्वस्त म्हणून असा माल वाईटच, असें नाहीं. मूळ गाडीस माल पुरविणारे कारखाने कित्येकदां तोच आपल्या नांवानें बाजारांतहि विकतात. पण नेमक्या तशाच खोक्यांतून नकली मालहि येतो, ही अडचण. लोखंड डोळ्यांना दिसतें. बाहूचा खरा जीव रबरांत आणि बॉल जॉइंटांत. मिस्त्रींनीं दोन्ही बाहु मांडीवर घेऊन बॉल जॉइंटाची दांडी बोटांनीं फिरवून पाहिली. उजव्याची घट्ट व सारखी फिरली. डाव्याची सैल, जणूं दुधाचा दांत. तो बाहु त्यांनीं तसाच खोक्यांत घालून परत पाठविला, आणि दुसरा येईपर्यंत काम आठ दिवस लांबलें. चिरंजीवांस तें रुचलें नाहीं. आम्हांस फार रुचलें.

आदल्या रात्रीं सर्व बोल्टांवर गंज सोडविणारें तेल मारून ठेविलें. सकाळीं सपाट फरशीवर गाडी घेऊन मागील चाकांस दगड लावले, चाकाचे नट जमिनीवर असतांनाच किंचित् सैल केले, मग जॅकनें उचलून गाडी दोन मजबूत स्टँडांवर टेकविली. काढलेलें चाक मिस्त्रींनीं आडवें करून गाडीखालीं सरकविलें. स्टँड दगा देईल तर गाडी चाकावर पडावी, माणसावर नव्हे. आमच्याकडे विजेरी धरण्याचें काम आलें.

आमच्या गाडीची स्प्रिंग, 1983 सालीं निघालेल्या मारुति 800 पासून आपल्याकडील लहान गाड्यांत सर्वत्र दिसूं लागली त्या पद्धतीनें, उभ्या खांबांतच बंदिस्त असते. म्हणून खालचा बाहु काढला तरी ती उसळत नाहीं. ज्या गाड्यांत स्प्रिंग बाहूवरच टेकलेली असते, तेथें हें काम घरीं करूं नये, असें मिस्त्रींनीं बजाविलें. तेथें दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

बॉल जॉइंटाची दांडी चिमट्यासारख्या खोबणींत बसलेली होती. बोल्ट सैल करून चिरंजीव पहारीनें बाहु खालीं दाबूं लागले, बाहु हलेना. मिस्त्री हंसले. दांडीला मध्यें खांच असते व बोल्ट त्या खांचेंतूनच जातो, म्हणून बोल्ट सबंध बाहेर काढल्याशिवाय दांडी सुटावयाची नाहीं, आणि नव्या बाहूचा बोल्ट आरपार गेला म्हणजे दांडी पुरती बसली, ही त्याची खूण. कोण्या कल्पक माणसाची ही योजना असेल, त्याचें आम्हांस कौतुक वाटलें.

दुपारीं तीनच्या सुमारास दोन्ही नवे बाहु जागेवर चढले. चिरंजीव मोठा पाना घेऊन बुशांचे बोल्ट आवळूं लागले, तोंच मिस्त्रींनीं त्यांचा हात धरला. "चाक लोंबतंय तोवर बुशाचे बोल्ट नुसते हातानं लाव, आवळू नकोस. गाडी आधी आपल्या पायांवर उभी राहूं दे."

बुशामध्यें आंत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी, आणि दोहोंना चिकटलेलें रबर मध्यें असतें. बोल्ट आवळला कीं आंतील नळी सांगाड्यास खिळून राहते. यापुढें बाहूची हालचाल केवळ रबराच्या पिळानें. गाडी उचललेली असतांना बाहु खालीं लोंबत असतो. तेथेंच बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येतांच रबरास पीळ बसतो, आणि उभ्या गाडींतहि तो सुटत नाहीं. त्यावर खड्ड्यांचे हिसके बसले कीं नवें रबर थोडक्याच काळांत फाटतें. दोष मग मालावर येतो. गाडी ज्या स्थितींत नित्य उभी राहते, तीच रबराची विश्रांतीची स्थिति असली पाहिजे.

चाकें चढवून त्यांखालीं जाड फळ्या दिल्या, गाडीचा सर्व भार त्यांवर उतरविला, चार वेळां पुढून दाबून हलविली, आणि मग पान्यास हात शिरेल एवढ्या जागेंतून बोल्ट आवळले. ताण मोजणारा टॉर्क पाना मिस्त्रींनीं एका गॅरेजांतून मागून आणला होता. आंकडा गाडीच्या पुस्तकांतून आम्ही वाचून दाखविला. संध्याकाळ होऊन गेली होती. अंगणांत चहा आला, तो चिरंजीवांनीं काळ्या हातांनींच घेतला, आणि घरांतून कोणी कांहीं बोललें नाहीं.

बाहु बदलल्यावर चाकांचा रोंख बिघडतो, म्हणून दुसऱ्या दिवशीं गाडी हळूहळू खोपोलीस नेऊन व्हील अलाइनमेंट करून घेतलें. यानंतर आठवडाभर ती पळसदरीच्या रस्त्यावर आणि थेट खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत रिकामीच फिरविली. रविवारीं मिस्त्रींनीं पुन्हां प्रत्येक नटास पाना लावून पाहिला. एकहि हलला नव्हता. बुधवारीं पहांटे चिरंजीव पुण्यास गेले, आणि दुपारच्या जेवणाआधीं बहिणीस घेऊन घाट उतरून आले. ती वाटभर झोंपली होती.