नानांचा चारा

मी तेव्हा पुण्यातल्या एका उर्दू शाळेत सातवीत होतो. वर्ष होते १९७४. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मराठीच्या बाईंनी 'माझा छंद' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिले, "मी रविवारी नानांबरोबर नदीवर जातो आणि माशांना चारा घालतो."

वही परत आली तेव्हा 'चारा' या शब्दाखाली लाल रेघ होती.

बाई हसत म्हणाल्या, "अरे, चारा गाई-म्हशी खातात. तुझ्या नदीतले मासे कडबा खातात की काय?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण मला कळेना, माझे काय चुकले? आमच्या घरी तर सगळे चाराच म्हणत. मग बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला : आमिष. त्या म्हणाल्या, "तुमच्या उर्दूत गळाला लावतात त्यालाही चारा म्हणतात. मराठीत त्याला आमिष म्हणायचं. आणि लक्षात ठेव, आमिष माणसालाही दाखवतात. तेव्हा त्याचा अर्थ होतो लालूच."

पहिला अर्थ मला चांगला ठाऊक होता. दुसरा अर्थ मला त्याच रविवारी समजला.

आमचे घर खडकीला होते. आईच्या वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मिस्त्री होते. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच छंद उरला होता, मासे धरण्याचा. दापोडीजवळ पवना नदी मुळेला मिळते. तिथून मुळा खडकीकडे येते आणि जुन्या दगडी होळकर पुलाखालून पुढे संगमाकडे जाते. त्या पुलाच्या अलीकडे एका सपाट खडकावर नानांची बैठक असे.

त्या वर्षी नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. त्यांना माणसाची फक्त सावली दिसे. त्यामुळे अम्मीने त्यांना एकट्याने नदीवर जायला मनाई केली होती. मी बरोबर असलो तरच परवानगी मिळे. काठी धरून त्यांना न्यायचे, खडकावर बसवायचे आणि चारा तयार करायचा, ही माझी कामे होती. आधी चारा नाना स्वतः करीत. आता ते शेजारी बसून सांगत आणि मी हात चालवी.

एक वाटी गव्हाचे पीठ, अर्धी वाटी भाजलेल्या चण्याचे पीठ, मूठभर सुकट कुटून केलेली पूड, चार लसणीच्या पाकळ्या, कोंबडीच्या कलेजीचे दोन तुकडे आणि चिमूटभर हिंग. कलेजी आणि लसूण पाट्यावर वाटायची, त्यात बाकीचे सगळे घालायचे आणि थोडे थोडे पाणी शिंपडून घट्ट मळायचे. शेवटी कापसाचे तंतू सुटे करून त्या गोळ्यात मिसळायचे, म्हणजे गोळा पाण्यात लगेच विरघळत नाही. मग ओल्या फडक्यात गुंडाळून तो रात्रभर डब्यात ठेवायचा. सकाळी डब्याचे झाकण उघडले की अम्मी खिडक्या उघडू लागे. त्या कामासाठी तिने एक जुना पाटा, एक वाडगा आणि एक डबा मोरीजवळ वेगळा ठेवला होता. स्वयंपाकघरात त्या वस्तूंना प्रवेश नव्हता.

मी एकदा नानांना विचारले, "एवढा वास कशाला हवा?"

नाना म्हणाले, "बेटा, आपल्याला शिंगाळा धरायचा आहे. तो नदीच्या तळाशी राहतो. तिथं अंधार असतो, पाणी गढूळ असतं. तिथं डोळे काय कामाचे? त्याच्या तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात. त्या मिशांनी तो चाचपतो, चव घेतो. माझंही आता तसंच झालं आहे. फक्त मला मिशांची एकच जोडी आहे!" आणि ते आपल्या पांढऱ्या मिशांवरून हात फिरवून मोठ्याने हसले.

पुढे कॉलेजात मी वाचले, की नानांचे म्हणणे खरे होते. अशा मिशाळ माशांना चव केवळ जिभेने कळत नाही. मिशांवर आणि साऱ्या कातडीवर चव ओळखणारे बारीक बिंदू असतात.

नानांची परीक्षा कडक होती. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन मी बोराएवढी गोळी त्यात सोडायची आणि काय दिसते ते त्यांना सांगायचे. गोळी लगेच फुटली तर पाणी जास्त झाले. दगडासारखी तशीच राहिली तर वास बाहेर येणार नाही. ती तळाशी बसावी आणि तिचे बारीक कण हळूहळू सुटत राहावेत. माझ्या गोळ्या पहिल्या दोन वेळा नापास झाल्या होत्या. त्या रविवारी मात्र नानांनी गोळी बोटांत दाबून पाहिली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "पास!"

नदीकाठी भोईकाका जाळे दुरुस्त करीत बसले होते. ते नदीवरच पोट भरणारे. त्यांची आणि नानांची तीस वर्षांची ओळख होती.

"काय मिस्त्री, आज आमिष कुणी केलं? वास इथपर्यंत आला," काका म्हणाले.

"आज नातवानं केलं आहे, भाऊ," नाना अभिमानाने म्हणाले.

पावसाच्या पहिल्या सरी होऊन गेल्या होत्या. पाणी थोडे चढले होते आणि लाल झाले होते. मी गळाला गोळी लावली, दोरीला शिसे बांधले आणि दोरी लांब फेकली. नाना काठी वापरीत नसत. दोरी बोटावर घेऊन बसत. मासा लागला की त्यांना बोटावर कळे.

तासभर काहीच झाले नाही. मी कंटाळलो. तेवढ्यात नाना कुजबुजले, "आला. हलू नकोस." मला काहीच दिसत नव्हते. दोरी जशीच्या तशी होती. नाना थांबले, पुन्हा थांबले आणि मग त्यांनी एकदम हिसका दिला. दोरी ताणली गेली. आम्ही दोघांनी मिळून ती ओढली. पाण्यातून लांब, चकचकीत, बिनखवल्यांचा मासा वर आला. शिंगाळा! दोन-तीन किलोंचा तरी असेल. एवढा मोठा मासा मी कधी धरलेला पाहिला नव्हता. भोईकाका धावत आले. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे टोकदार काटे असतात, म्हणून त्यांनी तो ओल्या पोत्याने धरला.

पुलावरून जाणारे एक गृहस्थ सायकल लावून खाली उतरले. मासा पाहून ते मला म्हणाले, "बाळ, विकतोस? दहा रुपये देतो."

दहा रुपये! बाजारातली एक बॅट मी कितीतरी दिवस पाहून ठेवली होती. तिची किंमत बारा रुपये होती आणि माझ्या डब्यात तीन रुपये साठले होते. मी क्षणात बेरीज केली. मी 'हो' म्हणणार, एवढ्यात नानांनी माशाच्या पोटावरून हात फिरवला. त्यांची बोटे एका जागी थांबली.

"भाऊ, बघ जरा," ते म्हणाले.

भोईकाकांनी पोट चाचपले आणि मान हलवली. "गाभोळी आहे, मिस्त्री. पोट भरलं आहे."

माशाच्या पोटातल्या अंड्यांना गाभोळी म्हणतात, हे मला माहीत होते. आता काय होणार, हेही मला कळले.

"नाना, नका सोडू! चारा मी केला आहे. मासा माझा आहे!" मी ओरडलो.

नाना शांतपणे म्हणाले, "चारा तू केलास, खरं आहे. म्हणून तूच ठरव. पण एक ऐक. गळ टाकणं म्हणजे फसवणं. आपण पोटासाठी फसवतो. फसवणाऱ्यानं आपली हद्द ओळखावी. आज हिला नेलीस, तर एक मासा नेला असं होणार नाही."

भोईकाका माझ्याकडे पाहत होते. त्यांचे तर पोटच नदीवर होते, तरी त्यांनी जाळे उचलले नव्हते. ते गृहस्थ म्हणाले, "बरं, बारा रुपये घे."

मला एकदम फळ्यावरचा शब्द आठवला. आमिष. दोरी नदीत होती, पण ओढ माझ्या गळ्याला बसत होती.

मी गळ हळूच सोडवला. हात थरथरत होते. भोईकाकांनी पोते पाण्यात धरले. शिंगाळा क्षणभर तसाच राहिला, शेपटी हलली आणि लाल पाण्यात दिसेनासा झाला. गृहस्थ हसून निघून गेले. मी मात्र घरी जाईपर्यंत रडलो आणि दोन दिवस नानांशी बोललो नाही. चांगले काम केले म्हणजे लगेच आनंद होतो, असे नाही.

पुढच्या वर्षी नानांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांना पुन्हा दिसू लागले. तरीही दोरी ते बोटावरच धरीत.

कर्नल साइक्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यांनी दख्खनच्या नद्यांतले मासे अभ्यासले होते. १८३९ मध्ये त्यांनी शिंगाळ्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला नाव दिले 'सींघाला'. नदीकाठच्या लोकांच्या तोंडचा शब्द अशा रीतीने साऱ्या जगाच्या ग्रंथांत गेला. हे वाचले तेव्हा मला भोईकाकांची आठवण झाली.

आज मी होळकर पुलावर उभा राहतो, तेव्हा पाणी काळे दिसते. शहराचे सांडपाणी नदीत येते आणि त्यावर जलपर्णी वाढते. पुण्याच्या नद्यांत आता आफ्रिकेतून आणलेला मोठा मागूरही सापडतो. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून घाण पाण्यातही तग धरतो आणि दुसरे मासे खातो. त्याच्या पालनावर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. पण नदीत शिरलेला मासा बंदी वाचत नाही. आम्ही सोडलेल्या त्या एका शिंगाळ्याने नदी वाचली नाही. त्यासाठी पुष्कळ माणसांनी आपापली हद्द ओळखायला हवी होती.

आता मीच नाना झालो आहे. गेल्या सुट्टीत गावाकडच्या तळ्यावर जायचे होते, म्हणून नातीने आणि मी मिळून चारा मळला. तिने एका हाताने नाक धरले आणि दुसऱ्या हाताने गोळी पेल्यात सोडली. गोळी तळाशी बसली. बारीक कण सुटू लागले.

"पास?" तिने विचारले.

"पास," मी म्हणालो.

"आणि खूप मोठा मासा लागला तर?"

"तर आधी त्याच्या पोटावरून हात फिरवायचा," मी म्हणालो. "मग काय करायचं, ते तू ठरव."