हिरवी वायर

"मॅडम, तुमच्या कानाला भास होत असंल." हे वाक्य मी एकाच उन्हाळ्यात दुकानदाराकडून ऐकलं, कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या मुलाकडून ऐकलं आणि शेवटी वायरमनकडूनही. ते अजून डोक्यातून जात नाही. लहानपणापासून तानपुरा लावत आले आहे मी. जोडीच्या दोन तारांतला केसाएवढा फरक मला कळतो, आणि हेडफोनमधली गुणगुण म्हणे भास!

नागपुरात एप्रिल लागला की कूलर सुरू होतो आणि मग स्पीकरवर गाणं ऐकण्यात काही अर्थ उरत नाही. म्हणून हेडफोन. तोही सगळीकडून बंद असलेला, बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो, 250 ओहमचा. एवढ्या ओहमचा हेडफोन मदरबोर्डवरच्या आवाजावर पुरेसा उघडत नाही. त्यात कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर ग्राफिक्स कार्डाला घासून जाते; माउसचं चाक फिरवलं की कानात कुरकुर सुरू. म्हणून असूसचं झोनार एसेन्स एसटीएक्स सेकंडहँड घेतलं. 2009 सालचं मॉडेल, पण हेडफोनसाठी त्याच्यावर वेगळा अॅम्प्लिफायर आहे.

बसवायचं काम मी स्वतः केलं. ग्राफिक्स कार्डापासून सगळ्यात लांबचा, खालचा स्लॉट निवडला. या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी मोलेक्सची वीज लागते. विंडोज सुरू झाल्यावर ड्रायव्हर लोड होताना कार्डावरचा रिले 'टक' करतो, तेव्हा कार्ड जागं झालं हे कळतं. कार्डाच्या सॉफ्टवेअर पॅनेलमध्ये स्पीकरऐवजी हेडफोन निवडायचा, गेन 64 ते 300 ओहमवर ठेवायचा, डॉल्बी वगैरे सगळे इफेक्ट बंद करायचे आणि सीडीवरून घेतलेल्या गाण्यांसाठी सॅम्पल रेट 44.1 करायचा. तो 48 वर राहिला की विंडोज प्रत्येक गाण्याचं उगाच रूपांतर करत बसतं. खेळांसाठी घेणाऱ्यांना हे नको असेल, पण गाण्यासाठी एवढं कराच.

पहिलं गाणं वसंतराव देशपांड्यांचं लावलं. ते मूर्तिजापूरचे, पण गाणं शिकले इथे, शंकरराव सप्र्यांकडे. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे. माउसची कुरकुर साफ गेली होती. पण तानपुऱ्याच्या खाली आणखी एक सूर होता. आपली वीज 50 सायकलची; तिची गुणगुण 50 वर आणि दुपटीत 100 वर ऐकू येते, म्हणजे जवळपास मंद्रातली पांढरी पाच. गायकाचा षड्ज वेगळा, हिचा वेगळा. दोन चिजांच्या मधल्या शांततेत ती नागडी व्हायची.

दुकानदार म्हणाला, कार्ड जुनं आहे. मुलगा म्हणाला, हेडफोन जास्तच चांगला आहे. कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्या येत होत्या, तेही मी सांगितलं. "लोखंडाला थोडं येतंच." टीव्हीला गेलेली एचडीएमआय काढली की गुणगुण जवळपास थांबायची, परत लावली की सुरू, हे दोघांसमोर करून दाखवलं. दोघंही माझ्याकडे बघत राहिले आणि मग भासाचा विषय निघाला.

शेवटी मी मल्टिमीटर आणला. कॅबिनेटची बॉडी आणि नळाचा लोखंडी पाइप, यांच्यामध्ये 110 व्होल्टच्या आसपास. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर थोडा प्रवाह बॉडीवर सोडतात. तो अर्थिंगने जमिनीत जावा अशीच रचना असते. अर्थिंगच नसेल तर बॉडी निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. माझ्याकडे तो प्रवाह एचडीएमआयने टीव्हीत आणि तिथून केबलवाल्याच्या तारेतून बाहेर पळत होता, आणि जाताजाता कार्डाच्या ग्राउंडवरून जात होता.

वायरमनला बोलावलं. त्याचा पहिला प्रश्न, "साहेब नाहीत का घरी?" मी बोर्ड उघडायला लावला. सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगची हिरवी वायर होती, प्रत्येक बोर्डात होती, एमसीबीच्या डब्यापर्यंत नीट आली होती. तिथे सगळ्या वायरी एकत्र पिळून, वर टेप गुंडाळून, आत खोचून ठेवल्या होत्या. पुढे काहीच नाही. आमच्या फ्लॅट स्कीमच्या बिल्डरने तीन भोकांचे सॉकेट दिले, वायरीचे पैसे घेतले आणि जमिनीपर्यंतचा शेवटचा तुकडा टाकलाच नाही.

त्याहून भयंकर पुढे आहे. वायरमन म्हणाला, "काऊन टेन्शन घेता मॅडम? न्यूट्रललाच एक तुकडा मारून देतो. पाच मिन्टाचं काम." आणि त्याने गुणगुण थांबलीही असती! पण खाली कुठे न्यूट्रल तुटला असता तर माझं कॅबिनेट, फ्रिज, गिझर, कूलरचा पत्रा, सगळं 230 व्होल्टवर आलं असतं. मी नाही म्हटलं. तो रागावला, म्हणाला, सगळ्यांकडे असंच करतो.

'सगळ्यांकडे' हा शब्द मला रात्रभर झोपू देईना. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना, ओल्या हातांनी, पुष्कळदा लहान मुलं. बातमी चार ओळींत संपते. त्यातल्या कितीतरी घरांत तिसरं भोक असेल आणि त्यात हिरवी वायरही असेल. ते बघता माझी गुणगुण ही फारच लहान तक्रार आहे, आणि तरी ती नसती तर मी बोर्ड कधी उघडला नसता.

दुसरा वायरमन मिळाला. त्याने अंगणात खड्डा घेतला, इलेक्ट्रोड, कोळसा, मीठ घातलं, तिथून डब्यापर्यंत वायर नेली, आणि शिवाय गळती झाली की वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. आपली काळी माती मे महिन्यात कोरडी ठाक होऊन भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओता, हे त्याने बजावून सांगितलं. मी ओतते.

गुणगुण गेली. आता मदरबोर्डचा मागचा जॅकसुद्धा बराच स्वच्छ वाजतो. डोळे मिटून ऐकलं तर हळू आवाजात मला दोन्हींतला फरक नेहमी सांगता येईलच असं नाही. तरी कार्ड काढणार नाही. तान वरच्या षड्जाला पोचते तेव्हा कार्डाकडे अजून ताकद शिल्लक असते, मदरबोर्डची संपलेली असते.

सोसायटीच्या बैठकीत सगळ्या फ्लॅट्सच्या अर्थिंगचा खर्च मांडला, तर "आजवर काही झालं नाही ना?" असं उत्तर मिळालं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कूलरला मी टेस्टर लावून दाखवला, दिवा लागला. त्यांनी त्याच दिवशी कूलरचा प्लग काढला, आणि येत्या रविवारी तो दुसरा वायरमन त्यांच्याकडे येतो आहे.