भिंतीतली ओल

वर्षावासाच्या महिन्यांत आमच्या वसतिगृहात बुरशीचाही मुक्काम असे. आषाढाची झड लागली की उत्तरेच्या भिंतीवर काळे ठिपके उमटत, ट्रंकांतील कपड्यांना कुबट वास येई आणि आमच्यातील दम्याची दोन मुले रात्र रात्र बसून काढीत. त्यांना औषध वेळेवर मिळे. परंतु ज्या भिंतीशी उशी टेकवून ती निजत, तिच्याकडे कोणाचे लक्ष नसे.

एका वर्षी भिंतीला नुसता रंग फासण्यात आला. महिन्याभरात तोच काळेपणा वर आला, कारण छताची पन्हळ फुटून पाणी भिंतीत मुरत होते. पन्हळ बदलली, तेव्हा कुठे भिंत वाळली. मग आम्ही ठिपके साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यांनी, नाकातोंडाला रुमाल बांधून पुसले. कोरड्या झाडूने खरवडले असते तर बुरशीचे बीजाणू उडून श्वासावाटे त्याच मुलांच्या छातीत गेले असते. पुसण्याच्या कामातून त्या दोघांना अर्थातच वगळले होते. त्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचे आम्हांस स्मरत नाही. खाटा भिंतीपासून हातभर सरकवल्या, ओले कपडे व्हरांड्यात गेले.

आज आपल्यापैकी अनेकांची बिऱ्हाडे शहरांतील बंद सदनिकांत आहेत. तेथे ओल न्हाणीघरातून आणि स्वयंपाकाच्या वाफेतूनही येते. हवेतील आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे; भिजलेली गादी वा सतरंजी 24 ते 48 तासांत वाळवावी. ब्लीचिंगचे पाणी वापरायचेच असेल तर खिडक्या उघडाव्यात आणि दमेकऱ्यास बाहेर पाठवावे, कारण त्या उग्र वासानेही धाप लागते.