ओळखीशिवाय खाते नाही

बँकेतल्या माणसाला जगात दोनच प्रकारचे लोक दिसतात. ओळख पटलेले आणि ओळख न पटलेले. दुसऱ्या प्रकारच्या माणसाने काउंटरसमोर कितीही कळवळून "अहो, मी तोच!" म्हटले, तरी आम्ही चष्म्यावरून त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "सही जुळत नाही." ही नजर मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लोकांना देत आलो. २०१६ च्या मे महिन्यात तीच नजर एका यंत्राने मला दिली. तीही माझ्याच घरात.

त्याचे असे झाले. चिरंजीवांची दहावीची परीक्षा संपली आणि त्यांनी जाहीर केले, "बाबा, तयार कॉम्प्युटर कोणीही घेतं. मी सुटे भाग आणून जोडणार." निम्मे पैसे वाढदिवसाच्या पाकिटांतून साठलेले, निम्मे अस्मादिकांचे. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात यंत्राबद्दल घसाऱ्यापलीकडे काही शिकवत नाहीत. त्यामुळे मी फक्त एवढेच म्हणालो, "बघ बाबा, तयार घेतलेला बरा." हे वाक्य अशा वेळी बोलून ठेवायचे असते. पुढे "मी सांगत होतो" म्हणायला सोय होते.

तीन दिवस हॉलमध्ये जमिनीवर पसारा होता. सौ. त्याच्या कडेकडेने केर काढीत होती. चौथ्या रात्री बटण दाबले. पंखा फिरला, पडदा उजळला, सुरुवातीच्या पानावर कीबोर्ड सुतासारखा चालला. मग विंडोज ७ ची तबकडी आत घातली. पडद्यावर भाषा विचारणारी चौकट आली आणि कीबोर्ड मेला. माउसही शेपूट पसरून निपचित पडला.

पहिला तास पिना काढण्या-घालण्यात गेला. या भोकातून त्या भोकात, पुढून मागे, मागून पुढे. आमच्या बँकेत गिऱ्हाईक या खिडकीवरून त्या खिडकीवर जाते तसे. मग शेजाऱ्यांचा कीबोर्ड मागून आणला. तोही मुका. म्हणजे कीबोर्ड निर्दोष सुटला. चिरंजीवांचा चेहरा मात्र निकालाच्या दिवसासारखा झाला होता. माझे "मी सांगत होतो" जिभेच्या टोकावर येऊन बसले.

तेवढ्यात त्याने मोबाइलवर शोधून काढले. विंडोज ७ आली २००९ साली. आमच्या यंत्राचा मदरबोर्ड २०१५ च्या पिढीतला. त्या पिढीने यूएसबीचा जुना कारभार बंद करून सगळा नव्याच्या हाती दिलेला, आणि त्या नव्याची ओळख सांगणारा ड्रायव्हर आमच्या तबकडीत नाही. तो मदरबोर्डबरोबर आलेल्या सीडीत आहे. पण तिथवर पोचायला आधी कीबोर्ड चालायला हवा. म्हणजे लॉकरची किल्ली लॉकरात!

"पण ही जुनी तबकडी वापरायची कुणी ठरवलं?" सौ.ने विचारले.

घरात पडूनच आहे, कशाला नवा खर्च, हे मी म्हणालो होतो. जिभेवरचे वाक्य मी मुकाट्याने गिळले.

इतका वेळ वर्तमानपत्राआड बसलेले नाना उठले आणि यंत्राच्या पाठीमागे वाकून म्हणाले, "अरे, हे गोल भोक कशासाठी ठेवलंय? अर्धं जांभळं, अर्धं हिरवं. आपल्या माळ्यावरच्या कीबोर्डची पिन जांभळीच होती ना?"

माळ्यावरचा कीबोर्ड म्हणजे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. मी दोनदा रद्दीवाल्याला द्यायला काढला आणि नानांनी दोन्ही वेळा "राहू दे, लागेल" म्हणून परत ठेवायला लावला.

"गोल पिन यंत्र बंद करूनच लावायची," चिरंजीव म्हणाले. यंत्र बंद केले, पिन बसवली, पुन्हा चालू केले. तीच चौकट आली.

"आजोबा, तुम्ही दाबा."

नानांनी बोट आधी धोतराला पुसले आणि एंटर दाबले. पडदा पुढे सरकला. तासाभराने सगळे बसवून झाले, सीडीतला ड्रायव्हर आत गेला आणि नव्या कीबोर्डची ओळख पटली.

पूर्वी बँकेत नवे खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. "मी याला ओळखतो," असे कुणीतरी लिहून द्यायचे. माझे पहिले खाते नानांच्या सहीवर उघडले होते. त्यानंतर काउंटरच्या अलीकडे बसून मी ते साफ विसरलो होतो.

"मग हा जुना आता इथेच ठेवायचा ना टेबलावर?" सौ.ने विचारले.

"छे! माळ्यावर ठेव," नाना पुन्हा वर्तमानपत्र उघडत म्हणाले. "माळ्यावरचं सापडतं. याने नीट जपून ठेवलेलं आजवर काही सापडलेलं नाही."