समुद्र जमा, भाडं नावे

आमच्या पुतण्याचं ऑफिस लॅपटॉपमध्ये मावतं. यंदा हिवाळाभर ते तो समुद्रकाठच्या एखाद्या निवांत गावी नेणार होता. गाव निवडायचं काम माझ्याकडे आलं. कारण मी बी. कॉम.! मी रीतसर जमा-नावे मांडलं. पाळोळे: समुद्र जमा, डिसेंबरातलं भाडं नावे. आगोंद: शांतता जमा. तिथे कासवंसुद्धा बाळंतपणाला येतात, म्हणजे बघा! शेवटी भीत भीत गुहागर लिहिलं. चिपळूणला उतरायचं, पुढे एस. टी. भाडं शून्य, कारण घर आमचंच. आई तिथे एकटी असते.

"पण काका, रेंज?"

आईला फोन लावला.

"विहिरीपाशी येते की! खुर्ची आजच नेऊन ठेवते. त्याला घावनं आवडतात ना रे अजून?"