शेवटून पहिला

आमच्या ग्रुपमध्ये पुढे कोण चालणार यावरून दर ट्रेकला चढाओढ असते. मागे कोण, हा प्रश्नच निघत नाही. सगळे एकदा माझ्याकडे बघतात आणि सॅका पाठीला लावतात. तेवीस वर्षं मी शेवटून पहिला आहे.

गेल्या डिसेंबरात हरिश्चंद्रगड केला. शनिवार-रविवार, माणसं सतरा. कल्याणहून एसटीने माळशेज घाट चढून खुबी फाट्याला उतरलो, पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर गाठलं आणि तोलार खिंडीची वाट धरली. हिवाळ्यात ही वाट अवघड नाही. कातळावर शेवाळ नसतं, आधाराला रेलिंग आहे, आभाळ मोकळं असतं. घोळ होतो तो त्यामुळेच. पावसाळ्यात धुक्याच्या धाकाने माणसं एकमेकांना धरून चालतात, हिवाळ्यात पांगतात.

खिंडीवरचा कातळटप्पा संपला की रान लागतं. एक टेकाड चढावं, उतरावं, समोर दुसरं उभं. मंदिर काही दिसत नाही. या रानात ढोरवाटा फार. काही तर इतक्या मळलेल्या असतात की माणसांची वाट त्यांच्यापुढे नवखी वाटते. पायाखाली बघून फरक कळत नाही, छातीशी बघावं लागतं. गुरं फांद्यांखालून जातात, म्हणून ढोरवाटेवर थोडं आत गेलं की कारवी अंगावर यायला लागते. माणसांची वाट डोक्यापर्यंत मोकळी असते. हे मी शिकलो ते एक मुलगा हरवल्यावर. मी पाणी प्यायला थांबलो होतो, तो डावीकडे वळला आणि चाळीस मिनिटं सापडला नाही. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून मी डोकी मोजत नाही, सॅका मोजतो. टोप्या वाटेत बदलतात, सॅका बदलत नाहीत.

मागच्या माणसावर होणारा एक अन्याय सांगतोच. पुढचे थांबतात, बसतात, चिक्की खातात. शेवटचा धापा टाकत पोचला की म्हणतात, ‘आले, चला!’ ज्याला बसायची खरी गरज, त्याच्याच वाट्याला बसणं येत नाही. शेवटच्याची सॅक खाली टेकली की मग थांबा सुरू, हा नियम रुजवायला मला ग्रुपमध्ये चार वर्षं भांडावं लागलं. अजूनही पुढची पोरं घड्याळाकडे बघतात. बघू देत.

या वेळी एक बाई नवीन होत्या. बँकेत नोकरी, वय पंचेचाळिशीचं. दमलेला माणूस ‘दमलो’ म्हणत नाही. पुरुष बुटाची लेस बांधायला वाकतात, बायका फोटो काढतात. यांनी रेलिंगचे फोटो काढले, कारवीचे काढले, शेवटी एका साध्या दगडाचा काढला. मीही शेजारी उभं राहून त्या दगडाकडे मन लावून बघितलं. पुढच्या टेकाडापासून त्यांना लीडरच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरला घातलं. हळू चालणाऱ्याला मागे ठेवलं की तो अजून हळू होतो. पुढे ठेवला की सगळ्या रांगेला त्याची चाल लागते, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

हिवाळ्यातली दुसरी गोष्ट घामाची. चढणीच्या सुरुवातीलाच स्वेटर घातलेला माणूस दिसला की मी तो उतरवायला लावतो. चालायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. नाहीतर घामाने बनियन भिजतं, आणि संध्याकाळी कोकणकड्यावर वारा लागला की तेच ओलं बनियन पाठीवर बर्फासारखं बसतं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य कड्याआड गेला की ऊब एकदम संपते, कुणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखी. म्हणून आधी कोरडे कपडे, मग सूर्यास्त. पोरं कुरकुरतात, पण बदलतात.

रात्री पिठलं-भाकरी झाली. मृग नक्षत्र डोक्यावर आलं तरी कुणाला झोप नव्हती. थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात, बाईंचा मोबाइल दहालाच बंद पडला. ‘किती वाजले, काका?’ हे त्यांनी तंबूतून मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी जागा होतो. माझा गुडघा ठणकत होता. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी केदारेश्वराच्या लेण्यात उतरलो. पिंडीभोवतीच्या पाण्यात पाय घातला की कळ थेट दाढेत जाते. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. हे चार युगांचे खांब, हा उरलेला कलियुगाचा, असं सांगतात. बाई म्हणाल्या, ‘बाकीचे पुढे गेले वाटतं. हे तुमच्यासारखेच, काका, मागे राहिलेले.’

उतरताना रांग उलटीपालटी होते. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. काल धापा टाकणाऱ्या बाई आज टुणटुणीत होत्या आणि त्यांना दुसऱ्या नंबरला ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं. त्या आपणहून मागे आल्या. वाळलेल्या गवतावर बूट सरकत होता, प्रत्येक पायरीला मी काठीवर भार टाकत होतो, आणि सोळा सॅका लांब लांब जात होत्या. नाही, पंधराच. सोळावी माझ्यापुढे दोन पावलांवर थांबली होती.

खाली धरणाचं पाणी चकाकत होतं. बाईंनी मोबाइल काढून त्याच्या दिशेने धरला.

‘दोन मिनिटं हं काका, फोटो काढते.’

चार्जिंग मिळेल अशी जागा गडावर कुठेच लागली नव्हती. मी दगडावर टेकलो आणि पाय लांब केला. त्या बराच वेळ फोटो काढत राहिल्या.