पाण्याखालचं दप्तर

दोस्तांनो, दप्तराचे पट्टे सैल ठेवून कधी धावलात? दप्तर डावीउजवीकडे हिंदकळतं आणि तुम्हालाही ओढतं ना! अमेरिकेत, फ्लोरिडातल्या जिनी स्प्रिंग्जला मात्र असं हिंदकळणं जिवावर बेतू शकतं.

इथल्या झऱ्यांचं पाणी काचेसारखं नितळ, बाराही महिने साधारण २२ अंश सेल्सिअस. आत चुनखडीच्या काळोख्या गुहा! पाणबुडे पाठीवर दोन टाक्या बांधून आत शिरतात. टाक्या कलल्या, पाय खाली गेले, की तळाचा गाळ ढवळतो आणि परतीची वाटच दिसेनाशी होते.

म्हणून पट्टे आधी जुळवायचे. कमरेचा घट्ट, खांद्यांचे इतपतच, की हात मागे टाक्यांच्या तोट्यांपर्यंत पोचावा. मांड्यांमधला पट्टा टाक्यांना डोक्याकडे सरकू देत नाही. मग उथळ पाण्यात पालथं तरंगून पाहायचं. डोकं खाली जातंय? टाक्या जरा कमरेकडे घ्या. पाय बुडतायत? जरा वर.

गुहेत मृत्यूचं चित्र असलेली पाटी आहे : गुहेचं प्रशिक्षण नसेल, तर इथूनच मागे फिरा! प्रशिक्षण घेतलेलेसुद्धा शिरण्याआधी एकमेकांचे पट्टे तपासतात.

उद्या शाळेत निघताना तुमचेही पट्टे बघा बरं!